दारातील मोटार आणि रात्रीचा साक्षीदार

व्यापाऱ्याचा सारा व्यवहार नोंदीवर चालतो. ज्याची किर्द स्वच्छ त्याची पत शाबूत, हे पेढीवर वाढलेल्या मुलास अक्षरओळखीबरोबरच शिकविले जाते. वखारीत सुतळीचा एक गुंडा आणला तरी त्याची रक्कम रोजमेळात चढते. परंतु त्याच वखारीसमोर उभ्या असलेल्या आठ-दहा लक्ष रुपयांच्या मोटारीस रात्रीतून कोणी ठोकर देऊन गेला, तर त्या घटनेची नोंद जगात कोठेही नसते. सकाळी चेपलेले दार पाहून आपण फक्त तर्क करीत बसतो, आणि तर्क हा बहुधा सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर जाऊन पडतो. या विसंगतीकडे सभासद बंधू-भगिनींचे लक्ष वेधावे, म्हणून हा विषय स्मरणिकेसाठी मुद्दाम निवडला आहे.

डॅशकॅम नावाचा लहानसा कॅमेरा आता बहुतेकांनी पाहिलेला आहे. पुढील काचेच्या आतल्या बाजूस, आरशाच्या आडोशाला तो बसतो आणि समोरच्या रस्त्याचे अखंड चित्रण करतो. रशियात खोटे दावे आणि रस्त्यावरील तंटे यांना कंटाळून लोकांनी तो घरोघरी लावला होता. म्हणूनच १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहरावर उल्का कोसळली, तेव्हा तिचे चित्रण वेधशाळेपेक्षा सामान्य मोटारवाल्यांच्या हाती अधिक सापडले. कोणी उल्केसाठी कॅमेरा लावला नव्हता. नोंद ठेवणाऱ्याजवळ अनपेक्षित गोष्टही नोंदली जाते, इतकेच.

आपल्याकडे हा कॅमेरा पुष्कळांनी घेतला आहे, तथापि तो सिगारेट-लायटरच्या सॉकेटात खुपसून ठेवण्यापलीकडे बहुतेकांची मजल गेलेली नाही. पुष्कळ गाड्यांत हे सॉकेट किल्ली काढताच बंद पडते. म्हणजे मालक स्टिअरिंगवर जागा असेतो कॅमेरा जागा, आणि मालक घरात जाऊन निजला की कॅमेराही निजला. दिवसा निदान आपले डोळे तरी असतात. खरी गरज रात्रीची, आणि नेमका त्याच वेळी पहारेकरी घोरत पडतो. यास्तव कॅमेऱ्यास गाडीच्या फ्यूज बॉक्समधून कायमची वायर द्यावी आणि गाडी उभी असतानाही त्याने लक्ष ठेवावे, या मताचा मी आहे. मात्र या मताला काही अटी आहेत, आणि अटींवाचून हे मत कोणी स्वीकारू नये अशी माझी विनंती आहे.

प्रथम वायरिंगचा विचार. या जोडणीच्या संचात तीन वायरी असतात. एक बॅटरीच्या अशा फ्यूजला जाते की जिथे किल्ली काढल्यावरही वीज असते. दुसरी अशा फ्यूजला की जो किल्ली फिरविल्यावरच जिवंत होतो. तिसरी गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, म्हणजे अर्थला. दुसऱ्या वायरीवरून कॅमेऱ्याला कळते की गाडी आता चालू आहे की उभी. ती बंद झाली की तो आपला चालण्याचा शिरस्ता सोडून पहाऱ्याचा शिरस्ता धरतो. काही कारागीर दोन्ही वायरी एकाच फ्यूजला जोडून मोकळे होतात. मग कॅमेऱ्यास रात्र कधी झाली हेच समजत नाही, तो रात्रभर दिवसासारखाच राबतो आणि बॅटरी पिऊन टाकतो.

जोडणी करताना मूळ वायर सोलून तिला दुसरी वायर गुंडाळणे व वर चिकटपट्टी मारणे, ही आपल्या बाजारातील सर्रास रीत आहे. ती साफ नाकारावी. फ्यूजच्या खाचेत बसणारा फ्यूज टॅप नावाचा एक स्वस्त जोड मिळतो. त्यात दोन फ्यूज असतात, एक मूळ वाहिनीचा आणि एक नव्या वायरीचा. कॅमेऱ्याच्या वायरीत काही बिघाड झाला तर तिचा फ्यूज उडतो, गाडीचे काही बिघडत नाही. आणि वॉरंटीच्या मुदतीतील गाडीच्या वायरी कापल्या, तर पुढे विजेचा कोणताही दोष निघाला असता कंपनीस हात झटकण्याची आयती संधी मिळते. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिन यांच्या फ्यूजना चुकूनही हात लावू देऊ नये. रेडिओ, मागील सॉकेट अशा निरुपद्रवी वाहिन्या पुष्कळ असतात. काचेच्या बाजूच्या खांबातून वायर खाली आणताना तेथे पडदा-एअरबॅग असेल, तर वायर तिच्या मागून गेली पाहिजे, पुढून नव्हे. अपघाताच्या क्षणी ती पिशवी फुगते, तेव्हा तिच्या वाटेत एक वायरसुद्धा आडवी असता कामा नये. कारागीर म्हणेल, ‘साहेब, दहा मिनिटांचे काम आहे.’ त्यास सांगावे की आम्हास तासाभराचे हवे आहे.

आता बॅटरीचा हिशेब, कारण हिशेब मांडल्याशिवाय आपणां व्यापाऱ्यांस समाधान नाही. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. उभ्या गाडीतील कॅमेरा त्याच्या जातीप्रमाणे कमी-जास्त वीज घेतो. हिशेबापुरती ती पाव अँपिअर धरू. दहा तासांच्या रात्रीस अडीच अँपिअर-तास लागले. दुसऱ्या दिवशी गाडी व्यवस्थित धावली तर ही उधारी सहज फिटते. परंतु घर ते दुकान आणि दुकान ते घर, अशी दहा-दहा मिनिटांचीच धाव असेल, तर जमेपेक्षा नावेची बाजू रोज थोडी जड राहते आणि पंधरवड्यात दिवाळे निघते. आणि गाडी सांबऱ्याच्या विमानतळावर लावून आपण चार दिवसांच्या लग्नाला गेलो, तर? चोवीस तासांस सहा अँपिअर-तास; तिसऱ्या दिवशी निम्मी बॅटरी संपली. गाडीचे घड्याळ, कुलूप वगैरे मंडळीही आपला थोडाथोडा हप्ता घेतच असतात. परतल्यावर किल्ली फिरवावी आणि ‘टक्’ एवढाच आवाज यावा, हा प्रसंग मग फार दूर नसतो.

म्हणून जोडणीच्या संचात वीज तोडण्याची मर्यादा असते. ती पाहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बारा व्होल्टची म्हणविणारी ही शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली असताना विसावलेल्या स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ ला ती तीन-चतुर्थांश भरलेली समजावी, १२.२ ला निम्मी, १२.० ला पावभर, आणि ११.८ ला जवळजवळ रिकामी. पुष्कळ संचांवर ११.८ चीही निवड ठेवलेली असते, आणि कॅमेरा अधिक वेळ चालतो म्हणून विक्रेता हीच निवड कौतुकाने सांगतो. कॅमेरा चालेल, यात शंका नाही. गाडी चालू होणार नाही. शिवाय शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी झाली की तिच्या पत्र्यांवर गंधकाचे क्षार घट्ट बसतात आणि ती पुन्हा पूर्ववत् भरत नाही. रोज वापरातल्या गाडीस १२.२, आणि दिवसेंदिवस उभी राहणाऱ्या गाडीस १२.४ ही मर्यादा माझ्या मते योग्य. विजेवर चालणाऱ्या गाडीतही दिवे, कुलपे आणि अशी उपकरणे चालविण्यास वेगळी बारा व्होल्टची बॅटरी असते, तेव्हा ‘आमची गाडी इलेक्ट्रिक, आम्हांस काय’ असे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

उन्हाचाही थोडा विचार हवा. एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या काचेमागे भट्टीसारखी धग साचते. ज्या कॅमेऱ्याच्या पोटात लिथियमची बॅटरी आहे, तिला ही धग सोसत नाही, ती फुगते. तिच्याऐवजी सुपरकपॅसिटर असलेला कॅमेरा घ्यावा. मेमरी कार्डही मोबाइलमधले जुने काढून घालू नये. अखंड लेखन-पुसणीस टिकणारी कार्डे निराळी मिळतात.

यंत्राची बाजू येथे संपली. खरा वादाचा प्रश्न निराळाच आहे.

आपल्यांतील काही वडीलधारी मंडळी या कॅमेऱ्याचे नाव काढताच नाराज होतात. त्यांचे म्हणणे असे की, ज्या गल्लीत तीन पिढ्या शेजारधर्माने नांदलो, तेथे रात्रभर शेजाऱ्याच्या दारावर डोळा रोखून ठेवणे हे कसले लक्षण? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. खडेबाजारापासून शहापूरपर्यंतच्या आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. दारात लावलेल्या गाडीचा कॅमेरा समोरच्या घराचा उंबरठा, जिना आणि कधी खिडकीही टिपतो. कोण केव्हा आले, कोण केव्हा गेले, रात्री अकरा वाजता कोणाची मुलगी कोणाच्या स्कूटरवरून उतरली, या सर्वांची नोंद आपल्या कार्डावर होत असते. ती नोंद करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले आहे. तो हक्क मुख्यतः शासनाच्या विरुद्ध सांगितला गेला हे खरे. पण शेजाऱ्याने शेजाऱ्याशी शासनापेक्षा कमी सभ्यतेने वागावे, असे त्यातून निघत नाही.

तरीही मी कॅमेऱ्याच्याच बाजूचा आहे, आणि त्याचे कारण आमच्या बाजारपेठेतील एक घटना आहे. एका व्यापाऱ्याची नवी गाडी वखारीसमोर रात्रभर उभी होती. सकाळी तिचे मागील दार खोल चेपलेले आढळले. त्या रात्री उशिरापर्यंत माल उतरविणारा एक हमाल होता. हातगाडी त्याचीच, तेव्हा संशयही त्याच्यावरच. अकरा वर्षे त्याने त्या वखारीत पोती वाहिली होती. कोणी त्यास मारले नाही, पोलिसांतही कोणी दिले नाही. फक्त चार माणसांदेखत ‘तूच असशील’ एवढे म्हटले गेले. त्याने हातगाडी भिंतीला लावली, मजुरीचा हिशेब मागितला आणि तो पुन्हा त्या गल्लीत आला नाही. ठोकर कोणी दिली हे आजतागायत कळलेले नाही. हातगाडीच्या उंचीशी तो चेपा जुळत नव्हता असे नंतर एकदोघे म्हणाले. पण नंतर म्हणण्याचा काय उपयोग? त्या रात्री गाडीत जागा असणारा एक कॅमेरा असता, तर मालकाचे दार कदाचित वाचले नसते, पण त्या माणसाची अब्रू वाचली असती. कॅमेरा चोर पकडतो याचेच गोडवे विक्रेते गातात; निरपराध्यास सोडवितो, हा त्याचा मोठा गुण कोणी सांगत नाही.

तेव्हा वडीलधाऱ्यांचा आक्षेप आणि त्या हमालाची अब्रू, या दोहोंना सांभाळणारी वाट काढली पाहिजे, आणि सुदैवाने ती यंत्रातच आहे. उभ्या गाडीतील पहाऱ्याचे प्रकार अनेक असतात. एकात समोर काहीही हलले की चित्रण सुरू होते. गल्लीतल्या मांजरापासून शेजारच्या आजींपर्यंत सर्वांची हजेरी लागते. दुसऱ्यात ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन सबंध रात्र काही मिनिटांत आटपते. तिसऱ्यात गाडीला धक्का बसला तरच कॅमेरा जागा होतो आणि तेवढाच प्रसंग जपून ठेवतो. काही कॅमेरे धक्क्याच्या आधीचे काही सेकंदही राखतात, आणि ठोकर देणारा ओळखू येण्यास तेच सेकंद मोलाचे असतात. मात्र त्यासाठी कॅमेरा अर्धजागा राहतो व वीज अधिक घेतो. राहत्या गल्लीत हा धक्क्याचाच प्रकार लावावा, हलत्या वस्तूंचा नव्हे. बाजारात, महामार्गावरील लॉजच्या आवारात किंवा परगावी हवा तो प्रकार खुशाल लावावा. ध्वनिमुद्रण तर बंदच ठेवावे. गाडीचे दार चेपल्याचे ऐकून कोणाचे समाधान झाले आहे? आणि समोरच्या घरी जाऊन एकदा सांगून यावे की गाडीत असा कॅमेरा आहे, त्याचे तोंड या बाजूस आहे, तुम्हांस अडचण असल्यास गाडी उलटी लावतो. हे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि ज्यास हे सांगण्याचा संकोच वाटतो त्याने आपल्या कॅमेऱ्याचा हेतू पुन्हा एकवार तपासावा.

एक इशारा कँप भागात जाणाऱ्यांसाठी. लष्करी आवारांजवळ चित्रणास मनाई असल्याचे फलक असतात. तेथे कॅमेरा बंद करण्यात कमीपणा मानू नये.

दुसरा माणूस आपला ड्रायव्हर. ज्यांचे टेम्पो निपाणी, कोल्हापूर किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे जातात, त्यांना आता आतल्या बाजूस तोंड असलेले कॅमेरेही दाखविले जातात. ड्रायव्हर पेंगतो काय, मोबाइल घेतो काय, हे त्यात दिसते. रात्रीच्या घाटात या गोष्टीचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु माणूस दहा तास ज्या जागेत बसतो, जेवतो, घरच्यांशी बोलतो, ती जागा त्याचीही आहे. त्यास न सांगता आत कॅमेरा बसविणे, हे नोकराच्या खोलीच्या दाराला कान लावण्यासारखे आहे. सांगावे, त्याच्या भाषेत कागदावर लिहून द्यावे, आणि चित्रण अपघाताव्यतिरिक्त पाहिले जाणार नाही हे वचन पाळावे. चहाला वीस मिनिटे का थांबलास, म्हणून कॅमेऱ्याच्या आधारे मजुरी कापणारा मालक लवकरच कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला पाहील, आणि अपघात नेमका त्या टॉवेलच्या आड होईल. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा घरगुती वा स्वतःपुरत्या वापरास लागू नाही. पण धंद्याच्या गाडीत नोकराचे चित्रण करणे यास घरगुती वापर म्हणता येईल, असे मला वाटत नाही.

आता सर्वांत अप्रिय भाग. हा साक्षीदार आपला पगारी नोकर नव्हे. तो आपल्या विरुद्धही साक्ष देतो. वेग अधिक होता, सिग्नल लाल होता, चूक आपल्याच ड्रायव्हरची होती, हेही तो तितक्याच निर्विकारपणे दाखवितो. आणि ड्रायव्हरच्या निष्काळजीपणाची भरपाई मालकाच्या अंगावर येते हे वाहतुकीचा व्यवसाय असलेल्यांस सांगावयास नको. अशा वेळी कार्ड नाहीसे करण्याचा सल्ला देणारे हितचिंतक हटकून भेटतात. पुराव्याचा लेख किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे येऊ नये म्हणून ती नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, खतावणीतील प्रतिकूल पान फाडणाऱ्या मुनिमास आपण दुसऱ्या दिवशी गादीवर बसू देतो काय?

अनुकूल चित्रण हाती असूनही ते वाया जाते, असेही पुष्कळदा घडते. कॅमेऱ्याचे कार्ड हे पाटीसारखे आहे. भरले की जुने पुसून नवे लिहिले जाते. स्पष्ट चित्रणास तासाला सहा-सात गिगाबाइट लागतात, म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड नऊ-दहा तासांत फिरून पहिल्या ओळीवर येते. धक्क्याच्या नोंदी कॅमेरा वेगळ्या राखतो, पण त्यांनाही जागेची मर्यादा आहे. अपघातानंतर प्रथम जखमीस दवाखान्यात पोचवावे, मग त्याच दिवशी कार्ड काढून जपावे व गाडीत दुसरे घालावे. कॅमेऱ्याचे घड्याळही महिन्यातून एकदा तपासावे. ज्या चित्रणावर भलतेच साल उमटले आहे, त्याची प्रतिपक्षाचा वकील काय दशा करील याची कल्पना केलेली बरी.

अशा नोंदींचा कायदा कसा आहे हे जालन्याच्या एका खटल्यावरून कळते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत तेथे उमेदवारी अर्ज वेळेत आले की नाही, हा वाद निवडणूक कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला. त्यावर १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यावयाची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र सोबत हवेच. मूळ उपकरण स्वतः मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर मात्र त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला असून त्याच्या कलम ६३ खाली या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा व दुसरा तज्ज्ञाने. फाइलीचा हॅश, म्हणजे जणू तिच्या अंगठ्याचा ठसा, त्यात नमूद करावा लागतो. जर्मनीतही हा प्रश्न आला होता. तेथील संघीय न्यायालयाने १५ मे २०१८ रोजी असा निर्णय दिला की, रस्त्याचे अखंड चित्रण खासगीपणाच्या नियमांत बसत नाही, तथापि अपघाताच्या दिवाणी दाव्यात ते पुरावा म्हणून पाहता येईल. दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात, हे त्या न्यायालयाने आडपडदा न ठेवता मान्य केले, म्हणून मला तो निकाल आवडतो.

पोलिसांनी कार्ड मागितले तर ते पंचनाम्यात नोंदवून द्यावे व पोच घ्यावी. मात्र ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर फिरवू नये. ठोकर देणाऱ्याचा चेहरा, गाडीचा क्रमांक आणि वर आपली शेरेबाजी, असा मजकूर संध्याकाळपर्यंत तीन जिल्ह्यांत पोचतो, आणि माणूस भलताच निघाला तर तो परत बोलाविण्याची सोय नसते. हमालास चार माणसांपुढे बोलणारे निदान चारच होते.

आपल्या संघाने या कामी एक लहानशी व्यवस्था करावी अशी माझी सूचना आहे. रविवार पेठेतील एखाद्या सुटीच्या दिवशी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन-तीन निरनिराळ्या गाड्यांवर फ्यूज टॅपची जोडणी सभासदांसमोर करवून दाखवावी, व्होल्टमीटर लावून तोडण्याची मर्यादा प्रत्यक्ष तपासून घ्यावी. ड्रायव्हरला द्यावयाच्या सूचनापत्राचा मजकूर मराठी व कन्नड दोन्ही भाषांत छापून घ्यावा. कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा नमुना आणि तो कसा भरावा याचे टिपण एखाद्या वकील-सभासदाकडून तयार करवून कार्यालयात ठेवावे, म्हणजे अपघाताच्या धांदलीत कोणास त्यासाठी वणवण करावी लागणार नाही.